मूल हरवतं तेव्हा आपण काय करतो?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. सभेनंतर बऱ्याच गटांनी ते लिहून मागितलं, म्हणून या अंकात देत आहोत. बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावं, ही विनंती. – संपादक मंडळ)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे "कर्ज परतफेड व दशसूत्री" असा विषय छापलाय. पण आज मी परतफेडीवर बोलणार नाही. अध्यक्षा ताईंची परवानगी घेतली आहे. गेल्या पावसाळ्यात आपल्या भागात एक मूल हरवलं होतं. तुम्हाला सगळ्यांना आठवतंय. त्या रात्री काय झालं ते प्रत्येकीला तुकड्या-तुकड्यानं माहीत आहे. मला ते आज सगळं एकत्र सांगायचं आहे, कारण त्यात माझीही चूक आहे. ती इथे तुमच्यासमोर सांगितल्याशिवाय मला पुढचं वर्ष तुमच्यात काम करता येणार नाही.

मी गावाचं नाव घेणार नाही, मुलाचं नाव घेणार नाही, त्याच्या आईचंही घेणार नाही. तुम्हाला माहीत असलं तरी तुम्हीही घेऊ नका. का घेऊ नये ते पुढे सांगते.

मुलगा सात वर्षांचा, दुसरीत शिकणारा. आई आपल्या गटातली. त्या दिवशी तिला निंदणीला जायचं होतं, गटाच्या बैठकीला येणं जमणार नव्हतं. म्हणून तिने दोन आठवड्यांची बचत आणि कर्जाचा थोडा हप्ता मिळून दोनशे रुपये मुलाच्या हातात दिले. सांगितलं, "शाळेत जाता जाता सचिव मावशीला दे." आपल्यातल्या कितीजणी असं करतात? बघा, हात वर झालेत. मीही लहानपणी आईचे पैसे असेच पोचवलेत.

शाळा पाच वाजता सुटली. मूल साडेपाचला घरी आलं नाही. आई सहा वाजता शेतातून आली. आधी तिला वाटलं, शेजारी खेळत असेल. मग शेजारी विचारलं, मग शाळेत, मग देवळात, मग दुकानावर. साडेसहाला आभाळ भरून आलं आणि तिने हंबरडा फोडला. तिथून पुढे काय झालं ते तुम्ही सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलं.

सात वाजून दहा मिनिटांनी मला ग्रामसंघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला. मुलाचा गणवेशातला फोटो, पूर्ण नाव, शाळेचं नाव, आईचा मोबाईल नंबर. मी तेव्हा तालुक्याच्या एसटी स्टँडवर उभी होते. वाचून माझ्या पोटात गोळा आला. मी काय केलं? पोलीस ठाण्याला फोन केला नाही. १०९८ ला फोन केला नाही. मी तो मेसेज तेवीस ग्रुपवर पाठवला. आणि त्याला माझा आवाज जोडला: "सगळ्या ताईंनी सावध राहा, आपल्या भागात मुलं पळवणारी टोळी फिरतेय असं म्हणतात."

असं म्हणतात! कोण म्हणतं? दुपारी मला दुसऱ्या एका ग्रुपवर कुणीतरी एक जुना मेसेज पाठवला होता, तो डोक्यात होता. त्या मेसेजचा या मुलाशी काही संबंध नव्हता. मी समाजकार्याचं शिक्षण घेतलेली मुलगी. बालहक्क हा मला परीक्षेला विषय होता, त्यात मला चांगले गुण आहेत. आणि मीच "टोळी" हा शब्द तेवीस गावांत पोचवला.

माझा मेसेज आणि दुसऱ्या कुणाचा मेसेज यात फरक आहे, तो मला नंतर कळला. लोक म्हणाले, "समन्वयक ताईंनी पाठवलंय म्हणजे खरंच असणार." तुम्ही मला कर्जाचे कागद समजावून सांगते म्हणून, बँकेत तुमच्यासोबत येते म्हणून विश्वास देता. तो विश्वास मी एका खोट्या गोष्टीला लावला.

आठ वाजेपर्यंत एका मुलाची दोन मुलं झाली होती. पांढरी गाडी आली होती. कुणी म्हणे साडी नेसलेला माणूस आहे. आपल्या भागातला एक यूट्यूब चॅनेलवाला माईक घेऊन त्या आईच्या दारात उभा राहिला आणि विचारायला लागला, "ताई, तुम्हाला आत्ता काय वाटतंय?" वर लाल पट्टी, ब्रेकिंग न्यूज. आईच्या नंबरवर एवढे फोन यायला लागले की पोलीस पाटलांचा फोन लागेना. त्यातला एक फोन तर असा होता, "मुलगा आमच्याकडे आहे, पाच हजार पाठवा." त्या बाईने शेजारणीकडे पैसे मागायला सुरुवात केली होती. नशीब, शेजारीण शहाणी निघाली.

आता दुसऱ्या गावात काय चाललं होतं ते ऐका. साडेआठच्या सुमाराला, तिथून सहा किलोमीटरवर, जुन्या कपड्यांवर भांडी देणारं एक जोडपं मोटारसायकलवरून घरी चाललं होतं. आपण त्यांना बोहारीण म्हणतो. वर्षानुवर्षं आपल्या दारात येते. आपल्या फाटक्या साड्या घेते आणि स्टीलचा डबा देते. त्या दिवशी पावसामुळे त्यांना उशीर झाला होता. सोबत त्यांचं चार वर्षांचं पोर होतं. झोपेला आलेलं, भिजलेलं, रडत होतं.

रडणारं पोर बघून लोकांनी गाडी अडवली. "पोर रडतंय, म्हणजे यांचं नाहीच." पोराला विचारलं, "तुझं नाव काय?" एवढी माणसं बघून पोराची वाचाच बसली. "बघा, नाव सांगत नाही." मग नवऱ्याला दोन कानाखाली बसल्या. भांड्यांचं गाठोडं सोडून फेकलं. बाईचे केस ओढले. आणि तिथे पारावर एका मोबाईलवर मोठ्या आवाजात माझा आवाज वाजत होता: "मुलं पळवणारी टोळी फिरतेय."

तिथल्या आपल्या एका गटाच्या अध्यक्षा तिथून चालल्या होत्या. वय पन्नाशीच्या पुढे, शिक्षण चौथी, हातात साधा फोन. त्यांनी पाहिलं, की पोराने त्या बाईचा पदर मुठीत घट्ट धरलाय. त्या गर्दीत घुसल्या आणि म्हणाल्या, "अरे, पोराला खाली सोडा. ते कुणाकडे जातंय बघा की." पोर आईच्या कमरेला जाऊन चिकटलं. तरी दोघंतिघं म्हणालेच, "शिकवलेलं असतं." तेव्हा या ताईंनी त्या बाईचा हात धरला, तिघांना आपल्या घरात नेलं, कडी लावली. गटातल्या चारजणींना हाका मारल्या. पाचही जणी ओट्यावर ठाण मांडून बसल्या. मुलाच्या फोनवरून ११२ ला फोन केला, पोलीस पाटलांना निरोप दिला. चाळीस मिनिटांनी पोलीस आले. तोवर त्या पाच बायका ओट्यावरून हलल्या नाहीत. समोर शंभरेक माणूस होता आणि त्यात त्यांचे स्वतःचे दीर, पुतणेही होते.

त्या ताई आज समोर बसल्यात. त्यांना नाव घेतलेलं आवडणार नाही, म्हणून घेत नाही.

आणि मूल? रात्री पावणेदहाला आजी कांदाचाळीवर कागद टाकायला गेली. चाळीच्या खालून तिला खोकल्याचा आवाज आला. चाळीला खाली हवा खेळायला जागा ठेवतो ना आपण, तिथे तो बारदानावर झोपला होता. शाळेत जाताना त्याच्या हातून ती दोनशेची नोट पडली. दिवसभर शोधली, सापडली नाही. घरी गेलो तर आई मारेल, म्हणून तो लपून बसला आणि झोपी गेला.

ताईंनो, एवढंच झालं होतं. कुठली टोळी नव्हती आणि गाडी नव्हती. एक घाबरलेलं पोर होतं आणि गटाचे दोनशे रुपये होते.

आपण थोडक्यात वाचलो. सगळे वाचत नाहीत. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात बाजाराचा दिवस होता. सोलापूरच्या मंगळवेढा भागातले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. एका लहान मुलीशी बोलताना दिसले, एवढंच निमित्त झालं असं तेव्हा बातम्यांत आलं. मुलं पळवणारे म्हणून लोकांनी त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथे मारून टाकलं. पाचही जण गेले. त्यांच्या घरीही लेकरं वाट बघत होती.

१६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक असे तिघे जमावाच्या हातून मारले गेले. लॉकडाऊनचे दिवस होते, चोर फिरतात अशी अफवा होती. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यात जत तालुक्यात लवंगा गावाजवळ उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंनी एका मुलाला रस्ता विचारला. मुलं पळवणारे समजून त्यांना मार बसला. ते वाचले. रस्ता विचारला, एवढाच त्यांचा गुन्हा.

२०१८ साली एक व्हिडिओ तुमच्याही मोबाईलवर आला असेल. दोन माणसं मोटारसायकलवर येतात आणि गल्लीत खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात. तो आपल्या देशातला नव्हताच. पाकिस्तानात, कराचीत, मुलांची काळजी घ्या हे लोकांना सांगायला तो बनवला होता. मूळ व्हिडिओत ती माणसं पोराला परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. कुणीतरी शेवटचा भाग कापला. राहिला तो फक्त पोर उचलण्याचा भाग. त्या कापलेल्या व्हिडिओवर आपल्या देशात माणसं मेली. त्यानंतर त्याच वर्षी व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. आज तुमच्या मेसेजवर दोन बाण दिसतात ना, त्याचा अर्थ तो खूप हातांतून फिरून आलाय. दोन बाण दिसले की समजायचं, पाठवणारीला मूळ गोष्ट माहीत असण्याची शक्यता कमी.

मग प्रश्न येतो की आपण असं का करतो. मी स्वतःला हा प्रश्न बरेच दिवस विचारला. मला वाटतं आपण वाईट असतो म्हणून नाही. मूल हरवलं म्हटलं की प्रत्येक आईच्या मनात आपलंच मूल येतं. काहीतरी करायला हवं असं वाटतं. आणि एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या माणसाच्या हाताशी करण्यासारखं काय असतं? मोबाईल. बोट लावलं की वाटतं, आपण आपलं काम केलं. माझंही तसंच झालं. मेसेज पाठवून मी एसटीत बसले आणि मला बरं वाटलं. पण त्या मेसेजमुळे एकाही माणसाने कांदाचाळीखाली वाकून बघितलं नाही.

आणि दुसरी गोष्ट. संशय नेहमी कुणावर येतो? दारोदार फिरणाऱ्यावर. बोहारीण, गोसावी, सुया-बिब्बे विकणारी, ऊसतोडीला आलेली, आपल्यापेक्षा वेगळी भाषा बोलणारी. लहान मुलांवर अत्याचार झालेल्या गुन्ह्यांत आरोपी बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, हे पोलिसांची आकडेवारी दरवर्षी सांगते. पण आपण घरातल्या, गल्लीतल्या माणसाबद्दल बोलत नाही. त्याला आपण घाबरतो. परक्याला मारायला धैर्य लागत नाही.

आता मूल खरंच हरवलं तर काय करायचं, ते सांगते. हे वहीत लिहून घ्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शेजारणीला लिहायला सांगा.

पहिलं, शोधाची आणि पोलिसांना कळवण्याची कामं एकाच वेळी सुरू करायची. "चोवीस तास थांबा, मग तक्रार घेऊ" असा कोणताही नियम नाही. कुणी सांगितलं तरी ऐकायचं नाही. २०१३ साली बचपन बचाओ आंदोलनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, की हरवलेल्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत गुन्हा नोंदवायचाच, आणि अपहरण झालं असं धरूनच तपास सुरू करायचा. मूल म्हणजे अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण. गुन्हा कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यायची. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे जातो, म्हणजे विषय तिथे संपत नाही.

दुसरं, फोन. ११२ आणि १०९८. दोन्ही फुकट, रात्रंदिवस. १०९८ ही मुलांची हेल्पलाईन १९९६ साली मुंबईत सुरू झाली. टाटा समाजविज्ञान संस्थेतून हे काम उभं राहिलं, रस्त्यावरच्या मुलांसाठी. आता ती सरकार चालवतं आणि ११२ ला जोडलेली आहे. मूल हरवलं तरी हा नंबर, अनोळखी मूल सापडलं तरी हाच नंबर. सापडलेलं मूल चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर न्यायला लागतं. "गोड पोर आहे, राहू दे आपल्याकडे" हे कायद्याने चालत नाही, मनात कितीही माया असली तरी.

तिसरं, शोध जवळून सुरू करायचा. घर, माळा, कणगीमागे, गोठा, कांदाचाळ, चाऱ्याची गंजी, उभी असलेली गाडी, ट्रॅक्टरची ट्रॉली. आणि सगळ्यात आधी पाण्याची ठिकाणं: विहीर, शेततळं, नाला. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. गटातल्या बायकांनी दिशा वाटून घ्यायच्या, दोघी-दोघींनी जायचं, अर्ध्या तासाने एका ठिकाणी येऊन सांगायचं. एकीने आईजवळ बसायचं. एकीने आईचा फोन सांभाळायचा, दुसऱ्या कुणी तो उचलायचा नाही. एकीने मुलाच्या मित्रांशी शांतपणे बोलायचं, ओरडून नाही. मुलांना बऱ्याचदा माहीत असतं, पण मोठे ओरडायला लागले की ती गप्प बसतात. आपल्या मुलाच्या मित्राला त्या दिवशी दुपारीच माहीत होतं की याची नोट हरवलीय. त्याला कुणी विचारलंच नाही.

चौथं, मेसेज. मेसेज पाठवायचाच नाही असं मी म्हणत नाही. चांगल्या मेसेजने मुलं सापडतात. पण त्यात काय असावं? मुलाचा चेहऱ्याचा अलीकडचा फोटो, वय, उंची, अंगावरचे कपडे, शेवटचं कुठे आणि कधी दिसलं, तारीख आणि वेळ, पोलीस ठाण्याचा नंबर. आईचा नंबर नाही. "टोळी", "गाडी", "म्हणतात" यातलं काहीच नाही. आणि मूल सापडलं की ज्या ज्या ठिकाणी पाठवला तिथे "सापडलं, आता फोटो काढून टाका" असा मेसेज. तारीख नसलेला मेसेज पुढे पाठवायचा नाही.

पाचवं, मूल सापडल्यावर. त्याला त्या वेळी मारायचं नाही. गर्दीत विचारायचं नाही. पाणी द्यायचं, जेवायला घालायचं, अंगावर काही लागलंय का बघायचं. काही वावगं वाटलं तर डॉक्टरांकडे आणि पोलिसांकडे. आणि त्याचं नाव, शाळा, फोटो पुढे फिरवायचा नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ मध्ये मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे, त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिक्षा बाजूला ठेवा. आपल्या त्या मुलाला अजून शाळेत "ए हरवलेल्या" म्हणून हाक मारतात. अकरा दिवसांनी माझ्या पुण्याच्या मावसबहिणीने मला विचारलं, "अगं, तुमच्याकडचा मुलगा सापडला का? तुझाच आवाज आहे." मूल त्याच रात्री घरी जेवलं होतं आणि माझा आवाज अकरा दिवस गावोगाव त्याला शोधत होता.

सहावं, कुणावर संशय आलाच तर गाडीचा नंबर घ्या, पोलिसांना सांगा, हात लावू नका. जमाव जमला तर आपल्या त्या अध्यक्षा ताईंनी केलं ते करा. माणसाला घरात घ्या, दाराशी बायका बसवा, ११२ लावा. बायका दाराशी बसलेल्या असताना त्यांना ओलांडून आत जायला पुरुषही दोनदा विचार करतात, हे आपण पाहिलंय.

आता एक अवघड गोष्ट बोलते. सात वर्षांचा मुलगा हरवला तर अख्खा तालुका रस्त्यावर आला. पण दोन वर्षांपूर्वी आपल्याच एका गावातून पंधरा वर्षांची मुलगी गेली, तेव्हा काय झालं? घराचं दार बंद झालं. "मामाकडे गेलीय" असं सांगितलं. दोन दिवस कुणी पोलिसांत गेलं नाही, कारण इज्जत. कुणी मेसेज केला नाही, कुणी शोधायला निघालं नाही. बायका नळावर म्हणाल्या, "पळाली असेल." ताईंनो, पंधरा वर्षांची मुलगीही कायद्याने मूल आहे. ती कुणाबरोबर आपल्या मनाने गेली असं वाटलं तरी ती हरवलेलं मूलच आहे, आणि तिला बाहेर विकायला नेणाराही गोड बोलूनच नेतो. पहिले दोन दिवस सगळ्यात महत्त्वाचे. ते आपण इज्जत झाकण्यात घालवतो. ती मुलगी परत आली, पण परत आल्यावर तिच्याशी बोलायला कुणी गेलं नाही. आम्हीही उशिरा गेलो.

आणि ऊसतोडीच्या टोळीतलं मूल हरवलं तर? त्याचा फोटो तुमच्या मोबाईलवर कधी आलाय? माझ्या तरी नाही.

शेवटी आईबद्दल. त्या रात्रीनंतर सगळ्यात जास्त बोल कुणाला बसले? "आईचं लक्ष कुठे होतं?" "गट-गट करत फिरते." हे बोलणाऱ्यांत आपल्याच गटातल्याही होत्या. बाप त्या दिवशी कुठे होता, हे एकीनेही विचारलं नाही. नवऱ्याने सांगितलं, "गट बंद." ती चार आठवडे बैठकीला आली नाही. पाचव्या आठवड्यात गटाच्या दहाही जणी तिच्या घरी गेल्या आणि बैठक तिच्याच ओसरीवर घेतली. ते दोनशे रुपये गटाने मिळून भरले. तिने ते परत करायचं ठरवलं तेव्हा सगळ्या नको म्हणाल्या, पण ती म्हणाली, "हिशेब हिशेबाच्या जागी." पुढच्या आठवड्यात तिने ते भरले. त्या दिवशी त्या गटाने ठराव केला: बचतीचे पैसे लहान मुलाच्या हाती पाठवायचे नाहीत, आणि जिला बैठकीला येणं जमणार नाही तिच्याकडून पुढच्या आठवड्यात घ्यायचे, दंड लावायचा नाही. मला वाटतं हा ठराव आज आपण सगळ्या गटांसाठी करावा. आपल्या शिस्तीची भीती आईमार्फत सात वर्षांच्या पोरापर्यंत पोचली होती, हे आपण मान्य करायला हवं.

दुसरा ठराव मी मांडते. प्रत्येक ग्रामसंघाने पुढच्या महिन्यात आपल्या गावच्या ग्राम बाल संरक्षण समितीची चौकशी करावी. सरपंच, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका यांना विचारावं की समिती आहे का, शेवटची बैठक कधी झाली. बऱ्याच गावांत ती कागदावर असते. आपण जाऊन बसलो की ती जागी होते.

तिसरा ठराव माझ्यासाठी आहे. संघाच्या कोणत्याही ग्रुपवर हरवलेल्या मुलाचा मेसेज पोलिसांशी बोलल्याशिवाय मी पाठवणार नाही. मी पाठवला तर मला इथे उभं करून विचारा.

त्या बोहारणीला मी भेटले का, असं बऱ्याच ताईंनी विचारलं. हो, भेटले. दिवाळीच्या आधी तालुक्याच्या आठवडे बाजारात तिला शोधून काढलं. मी कोण ते सांगितलं, तो आवाज माझा होता हेही सांगितलं. माफी मागितली. ती बराच वेळ डबे पुसत बसली. मग म्हणाली, "बाई, लेकरू माझं हाय ह्याचा कागद मी कुठून आणू?" मी तिला अंगणवाडीतून, ग्रामपंचायतीतून जन्मदाखला कसा काढता येतो ते सांगायला लागले. तिने मान हलवली, पण मला कळलं की मी पुन्हा चुकीचं उत्तर देतेय. कागद आपल्याला लागायला नको होता.

ती आपल्या त्या दोन गावांत अजून फिरकलेली नाही. तिच्या पोराला गर्दी दिसली की ते थरथरतं, असं ती म्हणाली. तुमच्यापैकी कुणाला ती बाजारात भेटली तर तिला सांगा, आमच्या दारात ये. ओळखीच्या बाईने हाक मारली तर ती येईल, माझ्या सांगण्याने येणार नाही.

एवढं बोलून माझे दोन शब्द संपवते. परतफेडीबद्दल पुढच्या महिन्यात बोलू, हप्ते मात्र वेळेवर भरा. जय हिंद, जय महाराष्ट्र, जय सावित्री.